व्हिसासाठी आलेलं स्थळ

माझे मामा इंग्रजी टायपिंगमध्ये अख्ख्या वर्धा जिल्ह्यात पहिले होते, असं मामाच सांगायचे. एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि सिंदी मेघेला नवं घर बांधून राहत होते. आमच्या घरी इंग्रजीतलं काहीही आलं, मग ते फवारणीच्या डब्यावरचं लेबल का असेना, की पिशवीत घालून त्यांच्याकडे नेलं जाई. त्यामुळे मी अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा तो अर्ज मी नाही तर मामा करणार, हे घरात सगळ्यांनी न बोलताच धरून घेतलं.

आमचं गाव केळझरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. बाबांची विहिरीवरची भाजीची शेती होती. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक आणि भेदरं. शहरातले लोक ज्याला टोमॅटो म्हणतात त्याला आम्ही भेदरं म्हणायचो. सेलूच्या आणि वर्ध्याच्या बाजारात आमचा माल जायचा. या भेदरांना एक रोग यायचा. सकाळी हिरवंगार असलेलं झाड दुपारी मान टाकायचं आणि दोन-तीन दिवसांत उभ्याउभ्या मरायचं. पान पिवळं नाही, डाग नाही, काही नाही. लहानपणापासून मी ते बघत आले होते. नागपूरला एम.एस्सी. करताना मी याच रोगावर थोडं काम केलं, आणि आमचे सर एकदा सहज बोलून गेले, "अमेरिकेत यावर चांगलं काम चाललंय. अर्ज करून बघ. मदत मिळाली तर जाशील, नाहीतर टपालखर्च गेला म्हणायचं." सरांनी ते चहा पिता पिता सांगितलं होतं. मी मात्र ते घरी घेऊन आले.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक होतं, त्यातून पत्ते उतरवून मी माहिती मागवली. मला वाटलं होतं, एखाददुसरं उत्तर येईल. पण ती विद्यापीठं भलतीच उदार निघाली. एकेकाने विटेएवढं माहितीपत्रक पाठवलं, तेही फुकट. आमचे पोस्टमन उन्हातान्हात सायकलवरून यायचे. तिसऱ्या विटेला ते म्हणाले, "बाई, अमेरिकेले म्हना, जरा पातळ लिहत जा."

बाबा त्यातली चित्रं बघत बसायचे. एका चित्रात मक्याचं शेत होतं, क्षितिजापर्यंत पसरलेलं, आणि त्यात एक लाल यंत्र उभं होतं. बाबांनी ते पान पुष्कळ वेळ निरखलं.

"यायचे मजूर कुठं गेले?" त्यांनी विचारलं.

"मजूर नसतात बाबा. मशीननंच होते सगळं."

"आन बांध?"

"बांध दिसत नाई खरा."

"मंग शेजाऱ्यासंग भांडतात कशावरून?" बाबा म्हणाले. त्यांना खरोखरच काळजी वाटली होती. पुढच्या बाजाराला ते माहितीपत्रक भाजीच्या टोपलीवर ठेवून सेलूला घेऊन गेले आणि शेजारच्या दुकानदारांना दाखवून आले. एकाने त्यांना विचारलं म्हणे, तुमची पोरगी थ्या वावरात निंदाले जानार का. ते पत्रक मग मला हळदीच्या बोटांच्या खुणांसकट परत मिळालं.

अर्जासोबत एक निवेदन जोडायचं होतं. मी हे का शिकू इच्छिते, पुढे काय करणार, वगैरे. मामांनी रविवारी मला सिंदी मेघेला बोलावलं. टेबलावर कचेरीतून शनिवारी आणलेला टाइपरायटर होता, आणि मजकूर तयारच होता. पहिल्या परिच्छेदात मामांनी माझ्या वतीने अत्यंत नम्रपणे साहेबांच्या चरणी निवेदन सादर केलं होतं. दुसऱ्यात माझे आजोबा गावात किती मानाने राहत होते ते होतं. तिसऱ्यात साहेबांच्या मौल्यवान वेळेचा अपव्यय केल्याबद्दल क्षमा मागितली होती, आणि या उपकाराबद्दल अर्जदार आजन्म ऋणी राहील, असा शेवट होता. रोगाचं नाव कुठेच नव्हतं.

"मामा, हा रजेचा अर्ज वाटते," मी म्हटलं.

मामांनी चष्मा काढला. "अर्ज हा अर्ज असते. रजेचा असो का अमेरिकेचा. वाचनाऱ्याले बरं वाटलं पायजे."

"पन त्याईले भेदराच्या रोगाचं पायजे ना."

"रोगाचं कोनाले बरं वाटते?"

दुपारपर्यंत आमचं चाललं होतं. मामींनी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा मामांची बाजू घेतली, कारण जेवायला उशीर होत होता. शेवटी तडजोड झाली. मजकूर माझा, पण त्यात एक वाक्य मामांचं. मामांनी टाइप केलं की अर्जदार एका प्रतिष्ठित शेतकरी कुटुंबातली असून आजवर तिचं कोणाशीही भांडण झालेलं नाही. मला लाज वाटली, पण भूक लागली होती. पुढे तिकडे गेल्यावर माझ्या प्राध्यापकांनी सांगितलं की ते वाक्य त्यांच्या समितीत मोठ्याने वाचलं गेलं होतं. अशी हमी त्यांना याआधी कोणी दिली नव्हती.

मधल्या काळात नागपूरला इंग्रजीची परीक्षा झाली. टेपवरून दोन अमेरिकन माणसं बोलायची आणि ती काय म्हणाली ते सांगायचं. त्यातली निम्मी संभाषणं बर्फात गाडी घसरण्याबद्दल होती. बर्फ मी तोवर फक्त उसाच्या रसात पाहिला होता. तरी पास झाले. आणि फेब्रुवारीत, चणे सोंगायला, म्हणजे कापणीला, आलेले असताना, पत्र आलं. एका विद्यापीठाने प्रवेश दिला होता, आणि प्रयोगशाळेत काम करण्याच्या बदल्यात फी माफ करून राहण्याखाण्यापुरतं वेतनही देऊ केलं होतं. सोबत व्हिसासाठी लागणारा कागद होता.

मायने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिथं आपलं कोन हाये?"

"कोनीच नाई."

"कोनीच?"

"कोनीच नाई, माय."

दुसऱ्या दिवशी ती केळझरच्या गणपतीला जाऊन आली. नवस बोलली होती. मी विचारलं, "कशासाठी बोलली वं? मी जाव म्हनून का राहाव म्हनून?"

"जे बरं असन थ्यासाठी," माय म्हणाली. "त्याले समजते."

पासपोर्टाच्या चौकशीला गावात पोलीस आला तो दिवस गावाने बरीच वर्षं जपून ठेवला. तो बिचारा मोटरसायकलवरून आला, आमच्या घरी पाणी प्याला आणि शेजारच्या काकूंना माझं वर्तन कसं आहे ते विचारायला गेला. काकूंना वाटलं, मी काहीतरी केलं आहे, आणि आता खरं सांगितलं तरच पोरीची सुटका होईल. म्हणून त्यांनी सगळं खरं सांगितलं. पोरगी चांगली आहे, पण पुस्तक घेऊन बसली की हाक मारलेली तिला ऐकू येत नाही. भाकरी तिची वाकडी होते. लहानपणी तिने आमच्या बोरी झोडपल्या होत्या, पण ते आम्ही विसरलो. पोलिसाने उभ्याउभ्या सगळं ऐकलं आणि कागदावर एवढंच लिहिलं, वर्तन चांगले. काकूंचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी संध्याकाळी येऊन मला विचारलं, "एवढं बोलली मी, आन त्यानं दोनच शबुद काऊन लिहले?"

पासपोर्ट आला आणि मे महिन्यात मी मामांबरोबर मुंबईला गेले. मामांनी भर उन्हाळ्यात कोट घातला होता. त्यांच्याजवळ फाइल होती. तिच्यात आमच्या शेताचा सातबारा होता आणि त्याचं मामांनी केलेलं इंग्रजी भाषांतर, ज्यात विहीर एक, मोटारपंप एक, आणि बैलांची जोडी यांना स्वतंत्र ओळी होत्या. गाडीत त्यांनी मला एकच गोष्ट बजावली. "परत येईन म्हनजो. साहेब काहीही विचारो, तू परत येईन म्हनजो."

वकिलातीच्या फाटकावर कळलं की आत फक्त अर्जदाराला सोडतात. मामांनी शिपायाला आपण हेडक्लार्क असल्याचं सांगितलं. शिपायाने ते आदराने ऐकलं आणि त्यांना समोरच्या झाडाखाली उभं राहायला सांगितलं.

आत काचेपलीकडे एक तरुण गोरी बाई होती. तिने माझे कागद चाळले. सातबाऱ्याकडे तिने बघितलंही नाही. तिने विचारलं, शिक्षण झाल्यावर काय करणार. मी म्हटलं, अजून नक्की ठरवलं नाही. तिने विचारलं, भारतात परत येणार का.

मी म्हटलं, "प्रॉबेबली."

आता हा शब्द का निघाला ते मी सांगू शकते. आमच्या प्रयोगशाळेत कुठलीही गोष्ट 'नक्की' म्हटलं की सर अंगावर यायचे. कशावरून नक्की, किती झाडं पाहिलीस, असं विचारायचे. 'बहुतेक' म्हणणं हे आमच्याकडे सभ्यपणाचं लक्षण होतं. त्या बाईला मात्र ते तसं वाटलं नाही. तिने मान हलवली, पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर एक छोटा शिक्का मारला आणि पासपोर्ट परत दिला. व्हिसा मिळाला नाही, हे समजायला मला बाहेरच्या उन्हात येईपर्यंत वेळ लागला.

मामांनी सगळं विचारून घेतलं. मग ते झाडाच्या पारावर बसले. "प्रॉबेबली," ते म्हणाले. "अगं, कचेरीत असा शब्द कोनी वापरते का? एवढी वर्षं नोकरी केली, एकाही कागदावर नाई पाह्यला."

आम्ही परतीची गाडी पकडली. भुसावळला त्यांनी खाली उतरून केळी घेतली, त्यातली दोन माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चूक शबदाची झाली. तुई नाई." मग कोट काढून ठेवला.

घरी बाबांनी विचारलं, "काय म्हने थे बाई?"

"परत येशीन का म्हने."

"मंग?"

"मी म्हटलं, बहुतेक."

बाबांनी पायात वहाणा सरकवल्या. "आमी पन तुले थे इचारलंच नाई," ते म्हणाले आणि मोटार बंद करायला विहिरीकडे गेले.

आता सगळ्या गावाला एक काम मिळालं. मी परत येईन याचा पुरावा कसा करायचा, यावर जो तो बोलायला लागला. पारावर, विहिरीवर, बसस्टॉपवर मला माणसं थांबवून विचारायची, "मंग, येशीन का नाई परत?" सगळ्यात पक्का विचार मामांचा होता. शेत माझ्या नावावर नाही, तेव्हा त्याचा उपयोग नाही. नोकरी नाही. मग परत यायचं एकच खात्रीचं कारण उरतं, ते म्हणजे नवरा. लग्न नाही तर निदान साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तरी उरकून टाकावं, आणि साक्षगंधाचे फोटो फाइलला लावावे. मामा हे कचेरीत एखादं प्रकरण निकालात काढतात तितक्या शांतपणे बोलले. मायला ही कल्पना भलतीच आवडली. ती गणपतीनेच सुचवली असं ती म्हणाली.

दोन आठवड्यांत रोहणा गावचं एक स्थळ आलं. संत्र्याचा बगीचा असलेलं खातंपितं घर, मुलगा आर्वीला बँकेत. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या अशी तिघं आली. पोहे झाले, चहा झाला. मी किती शिकले ते त्यांना माहीत होतं. स्वयंपाकाचं कोणी विचारलंच नाही. त्यामुळे काकूंनी पढवलेली सगळी उत्तरं वाया गेली.

मग मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. "आमी चौकशी केली," ते म्हणाले. "बायको तिकडे शिकाले गेली का नवऱ्यालेही जाता येते म्हनतात. तिच्याच व्हिसावर."

मामा म्हणाले, "असंन. पन आपल्याले कशाले पायजे?"

"म्हनजे साक्षगंध नको. लग्नच करून टाकू. दोघंही संगच जातीन."

आत्याने मला विचारलं, "तिकडे थंडी बम असते म्हने. स्वेटर इथूनच न्यावं का तिथं घ्यावं?"

मामांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ज्या नवऱ्यासाठी मी परत यायचं, तोच माझ्या आधी स्वेटर घेऊन तयार होता. मामा हळूच मला म्हणाले, "मंग परत कोनासाठी येशीन तू?" बाबांना हसू आवरेना. ते बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढून उठून गेले.

मग मुलाने माझ्याशी दोन शब्द बोलायचे आहेत म्हटलं, म्हणून आम्हाला अंगणातल्या पेरूखाली पाठवलं गेलं. सगळ्यांना दिसू, पण ऐकू येणार नाही, एवढ्या अंतरावर. तो शर्टाची बाही नीट करत म्हणाला, "मले जायचं नाई."

"कुठं?"

"अमेरिकेले. हे सगळं बाबांच्या डोक्यातलं हाये. तुमी नाई म्हना. मी नाई म्हटलं तर घरात महिनाभर बोलनार नाई कोनी."

"काऊन जायचं नाई?" मी विचारलं.

त्याने विचार केला. "मले इथं बरं वाटते," तो म्हणाला. "सकाळी बगीच्यात चक्कर मारतो, मंग बँकेत जातो. रविवारी पानी देतो. आनखी काय पायजे थे मले समजतच नाई." मग जरा थांबून, "आन थंडी सोसत नाई."

खरं सांगायचं तर त्या सबंध उन्हाळ्यात लग्न करावं असं मला वाटलं असेल तर त्या एका क्षणी. पण त्याने नकार मागितला होता, तो मी दिला. त्याचे वडील रागावून गेले. आत्या जाताना म्हणाली की मुलगी गर्विष्ठ आहे. मुलाने मात्र फाटकातून मागे वळून हात जोडले, आणि त्या नमस्कारात सुटल्याचा आनंद इतका स्वच्छ दिसत होता की मला थोडं वाईटही वाटलं.

त्यानंतर मी बरेच दिवस त्याच्या बोलण्याचा विचार करत होते. इथं बरं वाटतं का, हे कोणी मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं का? संध्याकाळी भाजीला पाणी देताना मी स्वतःशी हे बोलून बघायचे. कधी हो वाटायचं, कधी नाही. पण हो म्हणायचे दिवस जास्त होते, आणि ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

जुलैत मी पुन्हा मुंबईला गेले. या खेपेला मामांना रजा मिळाली नाही आणि बाबा म्हणाले, मी येतो. बाबा तोवर नागपूरपेक्षा लांब कुठे गेले नव्हते. मामांचं झाड शोधून मी त्यांना तिथे बसवलं आणि आत गेले.

काचेपलीकडे आता दुसरा अधिकारी होता. पन्नाशीचा, आणि सर्दीने हैराण. दर दोन वाक्यांनी त्याला शिंक यायची. त्याने रोगाबद्दल विचारलं. मी सांगितलं. शेती कोण बघतं ते विचारलं. म्हटलं, वडील. मग त्याने शेवटचं पान उलटून शिक्का पाहिला आणि मागच्या अर्जावरची नोंद वाचली. "मागच्या वेळी परत येण्याबद्दल तुमचं नक्की नव्हतं, असं दिसतं. मग आता काय बदललं?"

मी म्हटलं, "मागच्या वेळी मला हे आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं. त्यानंतर अख्ख्या गावाने दोन महिने दुसरं काही विचारलं नाही. त्यामुळे विचार करून झाला आहे. मी परत येणार आहे."

तो हसला, आणि हसता हसता त्याला शिंक आली. दुपारी येऊन पासपोर्ट घेऊन जा, म्हणाला.

व्हिसा कोणामुळे मिळाला, यावर आमच्याकडे पुढे कधीच एकमत झालं नाही. माय गणपतीचं नाव घ्यायची. मामा म्हणायचे, 'प्रॉबेबली' काढलं म्हणून. काकूंचं म्हणणं, पोलिसाने ते दोन शब्द चांगले लिहिले होते. बाबा काहीच म्हणायचे नाहीत, पण आपण गेलो त्याच खेपेला काम झालं, एवढं ते लोकांच्या लक्षात आणून द्यायचे. मला वाटतं, त्या साहेबाला लवकर घरी जाऊन झोपायचं होतं. ऑगस्टमध्ये मी गेले. काही वर्षांनी डॉक्टरेट घेऊन परत आले आणि नागपूरला नोकरीला लागले. तो रोग अजून गेलेला नाही, पण त्याला टिकून राहणारी झाडं आता आहेत, आणि त्यातल्या थोड्यांना माझा हात लागलेला आहे.

त्या दिवशी दुपारपर्यंत वेळ होता. मी बाबांना म्हटलं, चला, समुद्र दाखवते. बाबा म्हणाले, समुद्र काय, पानीच असन. इथला भाजीबाजार कुठी हाये? मग आम्ही विचारत विचारत भायखळ्याला गेलो. बाबा बाजारात शिरले आणि मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा त्यांची पावलं नेहमीसारखी पडायला लागली. वांगी दाबून बघितली, मिरचीचे देठ बघितले, पालक कसा बांधला आहे ते बघून नाक मुरडलं. एका हमालाला त्यांनी विचारलं, वर्ध्याकडचा माल इथं येतो का. तो म्हणाला, नाही, लांब पडतं. बाबांनी मान हलवली. मग ते पावशेर टोमॅटो विकत घेऊन आले. त्यांनी उभ्या जन्मात टोमॅटो विकत घेतलेले मी पाहिले नव्हते.

परतीच्या गाडीत, पासपोर्ट माझ्या पिशवीत असताना, त्यांनी त्यातला एक कापला, मीठ लावून खाल्ला आणि म्हणाले, "पानचट हाये. तिकडचे असेच असतीन. तू आपलं बी घेऊन जाजो."

"बी नेऊ देत नाई बाबा. नियम आहे. पकडतात."

बाबांना हे पटेना. कल्याण गेलं, कसारा गेला, तरी ते त्यावरच होते. "मानसाले जाऊ देते," ते म्हणाले, "आन बियाले नाई?"

"मानसाले पन दुसऱ्या खेपेलेच जाऊ दिलं," मी म्हटलं.

बाबा हसले. उरलेला अर्धा टोमॅटो त्यांनी माझ्यापुढे केला. मीठ जास्त झालं होतं.